कार्तिकीचा आवाज आणि आपले कान

(एम. ए. द्वितीय वर्ष, मराठी)

दूरचित्रवाणीवरील गाण्यांच्या स्पर्धा हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकात शोभणारा आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे शक्य आहे. कथा, कविता, प्रवासवर्णन आणि एखादा समीक्षालेख अशा पंगतीत या झगमगत्या करमणुकीला पाट कशाला मांडायचा, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या कार्यक्रमाने महाराष्ट्रातल्या घराघरांतील माणसांना रात्रीच्या जेवणानंतर एका जागी बसवले आणि 'चांगले गाणे म्हणजे नेमके कसे?' या प्रश्नावर आपापसांत भांडायला लावले, त्याचा विचार कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी करायचा नाही तर कोणी करायचा? मी तो एका गायिकेच्या निमित्ताने करणार आहे. तिचे नाव कार्तिकी गायकवाड. मी तिची चाहती आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. चाहत्याने समतोल असण्याचा आव आणू नये. आपल्या आवडीची कारणे तेवढी नीट सांगावीत.

ज्यांना तो कार्यक्रम आठवत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. झी मराठी वाहिनीवर २००८-०९ मध्ये 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' ही लहान मुलांची स्पर्धा झाली. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करीत आणि अवधूत गुप्ते व वैशाली सामंत परीक्षक होते. शेवटच्या फेरीत पाच मुले पोहोचली. पुण्याची आर्या आंबेकर, कोकणातला प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, आपल्या मराठवाड्यातील लातूरचा रोहित राऊत आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड. लोकांनी या पाचांना 'पंचरत्ने' म्हटले आणि ते नाव त्यांना कायमचे चिकटले. फेब्रुवारी २००९ मध्ये अंतिम सोहळा झाला आणि महागायिका ठरली ती कार्तिकी. त्या निकालावर पुढे किती तरी दिवस वाद चालला होता, आणि खरे सांगायचे तर तो अजूनही पुरता संपलेला नाही. जुन्या गाण्यांचा विषय निघाला की एखादे काका हमखास म्हणतात, "गाणारी मुलगी खरी दुसरीच होती."

मी त्या वेळी अंगणवाडीत होते. त्यामुळे माझे ऐकणे उशिराचे. ही गाणी मी बारावीच्या वर्षी मोबाइलवर, अभ्यासाच्या नावाखाली, एकामागून एक ऐकली. उशिरा ऐकण्याचा एक फायदा असतो. कोणाला मत द्यायचे, कोण बाहेर पडणार, ही धाकधूक नसते. निकाल माहीत असतो, म्हणून फक्त गाणे ऐकता येते. पाचही मुले फार गुणी होती यात शंका नाही. परंतु चार मुलांचे गाणे ऐकताना मला एखादे ओळखीचे गाणे छान म्हटले जात आहे असे वाटे. ते कोणासारखे म्हटले जात आहे, हेही मनात येऊन जाई. कार्तिकी गाऊ लागली की असे काही मनात येत नसे. तिच्या आवाजामागे मला कोणी पार्श्वगायिका दिसत नव्हती. आमच्या आजोळच्या मारुतीच्या देवळातला सप्ताह दिसत होता.

'घागर घेऊन' ही तिची गौळण तर महाराष्ट्रभर झाली. वडील कल्याणजी गायकवाड हे स्वतः संगीत शिक्षक आणि संगीतकार. या गौळणीला चालही त्यांचीच. त्या गाण्यात दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा आवाज कसा उभा राहतो ते पुन्हा एकदा ऐकून पाहा. सुरुवातीला तो चाचपडत नाही, पहिल्याच शब्दाला सबंध उघडतो. शब्दाचे शेवटचे अक्षर गिळले जात नाही. गौळणीतली 'ळ' आणि 'ण' ही आपल्या भाषेची खास अक्षरे, जी नाजूक गायनात पुष्कळदा पुसट होतात, ती तिच्या तोंडी दगडावर टाकीने कोरल्यासारखी स्पष्ट येतात. लय धावते, पण ती लयीच्या मागे धावत नाही, लयीवर बसते. सभोवती वाद्यवृंदाचा केवढा तरी गजर असतो, आणि तरीही असे वाटत राहते की ध्वनिक्षेपक बंद पडला असता तरी या मुलीचे काही अडले नसते.

हीच गोष्ट माझ्या मते महत्त्वाची आहे. कारण तो आवाज घडलाच होता ध्वनिक्षेपकाशिवाय गाण्याच्या परंपरेत.

वारकरी गायनाबद्दल आपल्याकडे, विशेषतः शहरात, एक सोयीस्कर समज आहे. ते भोळेभाबडे, नैसर्गिक, न शिकता येणारे गाणे आहे असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती अशी नाही. आळंदीला विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली; शंभराहून अधिक वर्षे तेथे मुले येतात, अभंग पाठ करतात, कीर्तन-प्रवचनाची दीक्षा घेतात. आळंदीच्या गल्ल्यांतून पहाटे मृदंगाचे बोल आणि मुलांचा रियाज ऐकू येतो. भजनातली पट्टी उंच असते. पाठीमागे टाळकऱ्यांची रांग, शेजारी मृदंग, समोर शेकडो माणसे, आणि गायकाने या सगळ्यांवरून आपला शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवायचा असतो. घसा न फाडता, सूर न सोडता आणि अर्थ न सांडता हे करणे म्हणजे केवढे शिक्षण झाले! त्याला अभ्यासक्रमाची छापील पुस्तिका नाही म्हणून ते शिक्षण नव्हे काय? कार्तिकी अशा गावात आणि अशा घरात वाढली. तिचा आवाज 'खुला' होता तो शिकवणीच्या अभावामुळे नव्हे. तिला शिकवणी मिळाली होती, ती वेगळ्या शाळेची.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की ती एकाच प्रकारचे गाणे गाते. भावगीत, नाट्यगीत, चित्रपटगीत, गझल असे निरनिराळे प्रकार जो सारख्याच सफाईने गाईल तो श्रेष्ठ, असा या स्पर्धेचा न बोललेला नियम असतो. या मापाने पाहिले तर आर्या आंबेकरची तयारी अधिक चौफेर होती, हे मी चाहती असूनही मान्य करते. तिच्या गळ्यातली हरकत जशी अलगद येई तशी कार्तिकीकडे क्वचितच दिसे. परंतु हे माप प्रत्येकाला लावले जाते काय? ज्याला फक्त नाट्यसंगीत उत्तम येते त्याला आपण 'शास्त्रीय बैठक असलेला' म्हणतो. जिला फक्त अभंग-गौळण उत्तम येते तिला मात्र 'मर्यादा असलेली' म्हणतो. एकाच गोष्टीला दोन नावे का? प्रथमेशच्या नाट्यपदांना जी दाद मिळाली ती योग्यच होती. माझे म्हणणे एवढेच की तोच न्याय गौळणीलाही हवा.

दुसरा आक्षेप आवाजाच्या मोठेपणाचा. ती फार जोरात गाते, असे पुष्कळांचे म्हणणे. यावर मला विचारावेसे वाटते, कोणाच्या मानाने जोरात? आपले कान गेल्या कित्येक दशकांत चित्रपटगीतांनी घडवले. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत, तोंडापुढे ध्वनिक्षेपक ठेवून, कानात सांगितल्यासारखे गायचे, हे त्या गायनाचे सौंदर्य. ते मोठे सौंदर्य आहे आणि लता मंगेशकरांनी ते हिमालयाइतके उंच नेले. पण शेतात, जात्यावर, पालखीपुढे, गोंधळात आणि जागरणात जे गायले गेले ते मोकळ्या हवेत गायले गेले. तेथे कुजबुज कामाची नसते. उघड्या माळावर घातलेल्या सादेला दिवाणखान्याचे माप लावून तिला कर्कश ठरवणे, हा ऐकणाऱ्याच्या सवयीचा दोष झाला.

तिसरा आक्षेप मतांचा. प्रेक्षकांच्या एसएमएसवर निकाल ठरत असेल तर तो गुणवत्तेचा निकाल नव्हे, अशी तक्रार तेव्हा झाली आणि तिच्यात तथ्य आहे. ज्याचे पाठीराखे अधिक, ज्याच्या गावाने अधिक पैसे संदेशांवर खर्च केले, त्याचे पारडे जड. म्हणून कार्तिकी पहिली आली हाच तिच्या थोरपणाचा पुरावा, असे मी म्हणणार नाही. ती पाचवी आली असती तरीही हा लेख मी असाच लिहिला असता. मात्र मतदानाने एक गोष्ट उघड केली. ज्या माणसांना कार्यक्रमाच्या आरंभी केवळ 'प्रेक्षक' म्हणून गृहीत धरले होते, त्यांच्यात खेड्यापाड्यांतले, भजनी मंडळांतले, पंढरीची वाट चालणारे असंख्य लोक होते. त्यांच्या कानांना हे गाणे परके नव्हते. परीक्षकांच्या कौतुकाची वाट न पाहता त्यांनी आपली पसंती नोंदवली. शहरी मताला हा निकाल धक्कादायक वाटला, कारण आपल्याखेरीज आणखी कोणी ऐकत आहे याची त्याला कल्पनाच नव्हती.

येथवर कार्तिकीची बाजू मांडली. परंतु स्पर्धेची बाजू घेणे मला तितके सोपे जात नाही. त्या मंचाने तिला महाराष्ट्रापुढे नेले हे खरे. पण नेताना तिच्या गाण्याचे काय काय गाळले, तेही पाहिले पाहिजे.

गौळण ही मुळात एकटीने म्हणायची वस्तूच नव्हे. काल्याच्या कीर्तनात ती येते तेव्हा कीर्तनकार एक चरण म्हणतो, टाळकरी तो उचलतात, चाल बदलते, लय चढते, मध्येच थांबून कृष्णाच्या खोडीवर दोन वाक्ये बोलली जातात, माणसे हसतात आणि पुन्हा चरण सुरू होतो. तमाशातही गणानंतर गौळण येते. तेथे पेंद्या असतो, मावशी असते, वाट अडवणारा कृष्ण असतो आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी असतात. भक्ती आणि थट्टा यांची अशी सरमिसळ मराठीखेरीज फार थोड्या भाषांत असेल. स्पर्धेच्या मंचावर यातले काय उरते? अडीच-तीन मिनिटांचे गाणे, पाठीमागे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, मग सा रे ग म अशा स्वरांच्या नावांनी मिळणारे गुण, आणि लगेच जाहिरात. झील धरणारे कोणी नाही, मध्ये बोलायला उसंत नाही. एखाद्या मोठ्या वाड्याचा नक्षीचा दरवाजा तेवढा उचलून आणावा आणि दिवाणखान्यात उभा करावा, तसे ते होते. दरवाजा सुंदरच असतो. पण त्यातून कोठे जायचे हे कोणी विचारीत नाही.

त्यातच वाहिन्यांची एक आवडती भाषा आहे, 'लोककलेला व्यासपीठ मिळवून देणे'. हे शब्द ऐकले की मला आपल्या शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या पैठणची आठवण होते. संत एकनाथांनी (१५३३-१५९९) वासुदेव, जोशी, गोंधळी अशी गावात फिरणारी माणसे उचलली, त्यांचे शब्द, त्यांचे सोंग, त्यांची चाल घेतली आणि त्यांच्या तोंडून अध्यात्म बोलवले. भारुडे आणि गौळणी यांचे एवढे मोठे भांडार दुसऱ्या कोणत्या संताने दिले? नाथ संस्कृत जाणणारे पंडित होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनीच सिद्ध केली. असा माणूस रस्त्यावरच्या कलावंताची भाषा वापरतो तेव्हा तो तिच्यावर उपकार करीत नाही. आपल्याला सांगायचे आहे ते याच भाषेत सांगता येईल, अशी त्याची खात्री असते. व्यासपीठ मिळाले म्हणायचे तर ते तेव्हाच मिळाले होते, आणि कात्री न लावता मिळाले होते.

आळंदी आणि पैठण यांचे नाते आपण सगळे जाणतो. पैठणजवळचे आपेगाव हे ज्ञानदेवांच्या घराण्याचे गाव, आणि १२९६ मध्ये त्यांनी समाधी घेतली ती आळंदीला. नाथ पैठणहून आळंदीला गेले, असे परंपरा सांगते. आळंदीच्या मुलीने दूरचित्रवाणीवर गौळण गायली तेव्हा ही जुनी वाट पुन्हा एकदा आपल्या अंगणातून गेली, असे मला वाटते. आपण मराठवाड्याचे लोक त्या वेळी साहजिकच लातूरच्या रोहितच्या बाजूने होतो. त्याने पुढे नाव काढलेही. हिंदीतल्या 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात २०२० मध्ये तो उपविजेता झाला. त्याचा अभिमान आहेच. पण परंपरेच्या हिशेबाने पाहिले तर कार्तिकीचे गाणेही आपलेच होते, आणि ते आपल्या फारसे ध्यानात आले नाही.

बाहेरच्या जगाचे एक उदाहरण देण्याचा मोह होतो. अमेरिकेत 'अमेरिकन आयडॉल' नावाची अशीच स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाली. तिच्या चौथ्या पर्वात, २००५ मध्ये, ओक्लाहोमा राज्यातल्या चेकोटा या लहानशा गावची कॅरी अंडरवूड ही मुलगी जिंकली. ती गात असे ते तिकडचे ग्रामीण संगीत, ज्याला तेथे 'कंट्री' म्हणतात. तीही शेतीवाडीच्या घरातली. तीन वर्षांनी, २००८ मध्ये, नॅशव्हिल शहरातल्या 'ग्रँड ओल ऑप्री' या संस्थेने तिला सदस्य करून घेतले. ही ऑप्री म्हणजे १९२५ पासून नभोवाणीवर चालत आलेला ग्रामीण संगीताचा कार्यक्रम. आता दोन्ही मुलींच्या वाटा शेजारी ठेवून पाहा. तेथे स्पर्धा संपली तेव्हा ग्रामीण गाण्याचे एक सबंध शहर तिची वाट पाहत होते. ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या, नभोवाणी केंद्रे, गीतकार, वाद्यकार, सारे त्याच संगीतावर जगणारे. आमच्याकडे लोकसंगीत गाणाऱ्या विजेत्यापुढे काय असते? ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम, गणेशोत्सव, एखाद्या चित्रपटात 'लोकगीताचा बाज' हवा असेल तेव्हा येणारे बोलावणे. विदर्भातल्या वैशाली माडे यांनी २००९ मध्ये हिंदी 'सा रे ग म प' जिंकली. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) या चित्रपटातल्या 'पिंगा'मध्ये श्रेया घोषाल यांच्याबरोबर त्यांचाही आवाज आहे. आनंदाची गोष्ट. परंतु अशी संधी वर्षानुवर्षांतून एखादीच येते. कार्तिकीच्या बाबतीत समाधान एवढे की तिच्यामागे वारकरी संप्रदायाचा आधार होता. स्पर्धेचे दिवे मालवल्यावरही अभंग ऐकणारी माणसे जागेवर होती. तिला नॅशव्हिल नव्हते, पण आळंदी होती.

सगळ्यांनाच आळंदी लाभत नाही. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे हे केवढे भारूडकार! 'बुरगुंडा' म्हटले की त्यांचेच नाव पुढे येई. करोनाच्या साथीत २०२१ मध्ये ते गेले. आपल्या जिल्ह्यातल्या किती महाविद्यालयांनी त्यांचे पूर्ण भारूड, कोणतीही काटछाट न करता, ध्वनिमुद्रित करून ठेवले असेल? आपल्याच शहरातल्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. त्या कोणत्याही स्पर्धेतून पुढे आल्या नाहीत. लोकांनी मोबाइलवर एकमेकांना त्यांचे गाणे पाठवले आणि तो आवाज महाराष्ट्रभर गेला. त्याही आवाजाला 'मुलायम' म्हणता येणार नाही. त्याला दुसरे शब्द लागतात, आणि ते आपल्याजवळ असले पाहिजेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या म्हणणाऱ्या बायांना कोणी गुण दिले नव्हते, आणि गुणांवाचून त्यांचे गाणे अडलेही नव्हते.

आता हे सारे आपल्याशी कोठे येऊन भिडते ते सांगते. माझी एक मावसबहीण पैठण तालुक्यातली. हरिपाठ म्हणू लागली की देवळाच्या ओट्यावरची माणसे बोलणे थांबवीत, असा तिचा आवाज. दहावीनंतर ती शहरात आली आणि हौसेने एका गाण्याच्या वर्गात जाऊ लागली. तेथे तिला पहिल्याच महिन्यात सांगण्यात आले की आवाज 'गावठी' आहे, तो आधी दाबायला शिक. ती शिकली. आता तिचा आवाज इतका दबला आहे की स्वयंपाक करताना गुणगुणली तर शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. तिला मी कार्तिकीची गाणी ऐकवली तेव्हा ती म्हणाली, "मग मला तसं का सांगितलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. या लेखाचे खरे कारण तो प्रश्न आहे.

मित्रहो, असे आवाज आपल्या वर्गांतही आहेत. खेड्यांतून येणाऱ्या मुली पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या निवडीला येतात, दोन ओळी म्हणतात, आणि मागच्या बाकावरून कोणी तरी हसते. दुसऱ्या वर्षी त्या येत नाहीत. आपल्या विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवात पोवाडा, भारूड, वासुदेव, गोंधळ, लावणी, जलसा हे प्रकार असतात ही अभिमानाची गोष्ट आहे. दुसऱ्या कितीशा विद्यापीठांत हे चित्र दिसेल? पण त्याची तयारी आपण कशी करतो? महोत्सवाच्या पंधरा दिवस आधी एक संच उभा राहतो, भाड्याने पोशाख येतात, चाली मोबाइलवरून उतरवल्या जातात, बक्षीस मिळते किंवा मिळत नाही, आणि पोशाख परत जातात. वर्षातले उरलेले साडेअकरा महिने भारूड हा आपल्यासाठी पाठ्यपुस्तकातला वाङ्मयप्रकार असतो, त्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो. नाथांची भारुडे आपण 'रूपकाच्या अंगाने स्पष्ट' करतो, पण ती म्हणून दाखवा असे आम्हांला कोणी सांगत नाही आणि आम्हीही कोणाला विचारीत नाही.

म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. एक, स्नेहसंमेलनात दोन नृत्यांच्या मधली जागा भरण्यासाठी लोकगीत ठेवणे बंद करावे आणि एक संध्याकाळ सबंध भारुडाला किंवा भजनाला द्यावी, घड्याळ न लावता. दोन, मराठी विभागाने एम. ए. च्या प्रकल्पांसाठी जिल्ह्यातल्या भजनी मंडळांची, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रियांची, जलशातल्या आणि गोंधळातल्या कलावंतांची ध्वनिमुद्रणे करवून घ्यावीत आणि ती ग्रंथालयात ठेवावीत. यासाठी मोठा निधी लागत नाही; प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहेच. तीन, नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्या आपल्या दारावरून जातात. एखाद्या वर्षी वर्गाने त्यांच्याबरोबर चालावे, आणि चालताना पूर्ण गौळण कशी रंगते ते ऐकावे. चौथी सूचना सर्वांत स्वस्त आहे. निवडीच्या वेळी मागच्या बाकावरून हसू नये.

स्पर्धांविषयी माझे मत काय, असे कोणी विचारील. स्पर्धा बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. त्या नसत्या तर आळंदीचा आवाज कोल्हापूरच्या, नागपूरच्या, मुंबईच्या घरांत इतक्या लवकर पोहोचला नसता, हे उघड आहे. परंतु स्पर्धा ही खिडकी आहे, घर नव्हे. आपण खिडकीतून पाहून टाळ्या वाजवल्या आणि घराकडे पाठ फिरवली, तर दोष खिडकीचा म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये तीच पंचरत्ने पुन्हा 'लिटिल चॅम्प्स'च्या मंचावर आली, या वेळी परीक्षकांच्या जागी. कार्तिकी तेथे बसून लहान मुलांचे गाणे ऐकत होती. ज्या आवाजाला कधीकाळी मापात बसत नाही म्हणून नावे ठेवली गेली, तो आता मापे ठरवणाऱ्यांत होता. ते पाहताना मला फार समाधान वाटले.

पण आपली मापे तिने बदलावीत, अशी अपेक्षा धरून आपण स्वस्थ बसणे बरे नव्हे. तिने आपले काम दहाव्या-अकराव्या वर्षी केले. घसा उघडला, शब्द पोहोचवला आणि ज्यांना ऐकायचे होते त्यांनी ऐकले. राहिलेले काम आपल्या कानांचे आहे. पुढच्या निवडीला खेड्यातली एखादी मुलगी उभी राहील, तिचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या भिंतीवर जाऊन आदळेल. तेव्हा तिला 'हळू गा' असे सांगण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढेच या चाहतीचे मागणे आहे.